नाव घेतल्याशिवाय

विजयाबाई इंगवल्यांच्या रविवारच्या शाळेत मुलांना कसलीच अट नव्हती. बूट चिखलात घाला, झाडावर चढा, सगळी सकाळ एकाच वारुळापुढे बसून काढा, कोणी हटकणार नाही. अट होती ती आईबापांना. जंगलाच्या फाटकातून आत शिरलं की दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि मूल स्वतःहून 'हात दे' म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. गुडगावच्या ऑफिसांत माणसांना बोटांवर नाचवणारे बाप तिथे वर्गाबाहेर काढल्यासारखे उभे राहायचे. पोरगी फांदीला लोंबकळतेय, खाली आईचा जीव टांगणीला लागलाय, आणि बाई शांतपणे म्हणणार, "हात कुठे आहेत, देवयानी?" बिचारी देवयानी अर्धवट पुढे आलेले हात पुन्हा मागे न्यायची.

हे वेड बाईंना उतारवयात लागलं. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे उभा संसार आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये झाला. त्या स्वतः एका शाळेत केजीच्या वर्गावर होत्या. सफरचंद लाल, पान हिरवं, झाडाचं खोड तपकिरी, आणि रंग रेघेबाहेर गेला तर बाईंचे डोळे मोठे. निवृत्तीनंतर मुनिरक्यात फ्लॅट घेतला, पलीकडच्या जंगलात फिरायला जाऊ लागल्या, आणि एके सकाळी त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या विलायती बाभळीचं खोड चक्क काळं आहे. तपकिरी नाहीच मुळी! "किती पोरांना मी खोटं शिकवलं हो," असं म्हणत त्या घरी आल्या आणि त्या दिवशी त्यांनी नाश्तासुद्धा केला नाही. स्वभावच तसा. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली, मग तिला बाहेर काढायची कोणाची टाप नव्हती.

मग त्यांनी ओळखीतल्या मराठी घरांतली मुलं गोळा केली. दिल्लीत वाढलेली ही पोरं, "आजी, वो देखो, केवढी बडी छिपकली!" अशा भाषेत बोलणारी. बाईंनी भाषा सुधारायला घेतली नाही, काही शिकवायलाही घेतलं नाही. मुलं जिकडे जातील तिकडे त्या मागून जायच्या. मुलं शेंगांचे खुळखुळे करायची, ओल्या मातीचे नीलगाय आणि मोर करायची, काटक्यांची खोपटी उभारायची. ती पडायची, मग भांडणं, मग पुन्हा उभारणी. कोणाला काय येतं आणि काय येत नाही, याची चौकशी तिथे होत नसे. दोन रविवारांत फळ मागणारे आईबाप आपोआप गळाले, उरले ते मनापासून उरले.

आणि मुलांमध्ये बसलेले असत खंडेराव, बाईंचे यजमान. हा उंचापुरा, मिशीवाला, साताऱ्याकडचा माणूस चटईवर मांडी घालून पळसाच्या पानांचे द्रोण करायचा. पानाला घडी घालायची, बाभळीचा काटा टोचायचा, झाला द्रोण. हे त्यांना लहानपणी लग्नाच्या पंगतींसाठी करावं लागे. ऑफिसात ते कोणत्या पदावर होते, कुठल्या फायलीवर सही करत, हे ते पार विसरले होते. द्रोण मात्र बोटांना आठवत होता.

हो, विसरले होते. सुरुवात झाली ती छत्री, चष्मा अशा कोणाच्याही विसरण्यापासून. मग एकदा ते भाजी आणायला गेले आणि आर. के. पुरमच्या जुन्या क्वार्टरची घंटा वाजवत उभे राहिले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं जपा. विजयाबाईंनी ते त्यांच्या पद्धतीने जपायला घेतलं. घरातही हात पाठीमागे! खंडेराव सदऱ्याची बटणं लावायला घेत, वरचं खाली, खालचं वर. बाई समोर उभ्या. चहा निवून जाई, तरी त्या हात पुढे करत नसत. पाहणाऱ्याला वाटायचं, काय बाई आहे, दगड आहे दगड! पण शेवटचं बटण जागेवर बसलं की खंडेराव मान वर करून जे हसायचे ना, ते त्या पाहणाऱ्याने पाहायला हवं होतं. आपण हात लावला की हे हसू गेलं, आणि हसू गेलं की माणूस गेला, अशी बाईंची खात्री होती. ती काही चुकीची नव्हती.

चुकीची वाटायची ती त्यांच्या मुलाला. नीरज गुडगावला राहायचा, आयटीत होता, वाईट नव्हता. वडिलांची काळजी त्याला होती म्हणूनच तो चिडायचा. त्याने सोसायटीजवळचं एक केअर होम बघून ठेवलं होतं. चोवीस तास नर्स, वेळेवर औषधं, फाटकाला कुलूप.

"आई, तू बाबांना जंगलात नेतेस! आर यू सीरियस? तिथून ते कुठे निघून गेले तर?"

"तिथेच ते बरे असतात, नीरज."

"ठीक आहे. तुझं ऐकतो. पण एकदा, फक्त एकदा जरी बाबा हरवले ना, तर मग मी काही ऐकणार नाही. त्याच दिवशी शिफ्ट. प्रॉमिस कर."

बाईंनी कबूल केलं. दुसरं काय करणार? त्या दिवसापासून बाईंची एक नजर मुलांवर आणि एक नजर कायम त्या चटईवर असायची. नवरा आपल्याजवळ, आपल्या घरात, शेवटपर्यंत राहावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते सगळं त्या चटईवर बसलेलं होतं.

आता मुलांच्या एका नियमाचं सांगायला हवं. लपाछपीत एकदा भलताच गोंधळ झाला होता. राज्य घेणाऱ्याने हार मानली आणि "आ जाओ!" म्हणून ओरडला. छोटा सिद्धांत बाहेर आला, बाकीचे आलेच नाहीत, आणि सगळ्यांनी मिळून त्याला चिडवलं. तो रडून रडून लाल झाला. तेव्हा क्षिप्राने सभा भरवली. क्षिप्रा म्हणजे देवयानीची मुलगी, आठ वर्षांची, दोन वेण्या, गुडघे कायम फुटलेले. सभेत ठरलं की ज्याचं नाव घेऊन हाक मारली जाईल त्यानेच बाहेर यायचं. नुसत्या 'चलो', 'आओ'ला कोणी हलायचं नाही. खंडेराव तेव्हा चटईवरच होते. त्यांनीही इतरांबरोबर हात वर केला, आणि पुढे कित्येक रविवार ते कोणालाही थांबवून सांगायचे, "नाव घेतल्याशिवाय यायचं नाही बरं का!" सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, हे मात्र पक्कं बसलं. बाईंना त्या नियमाचं कोण कौतुक! येणाऱ्याजाणाऱ्या पालकांना त्या सांगायच्या, "बघा, मुलांनी स्वतः केलाय. मोठ्यांना इतका शहाणा नियम सुचला नसता."

जानेवारीतला तो रविवार. धुकं उशिरापर्यंत रेंगाळलं होतं आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. राज्य सलोनीवर होतं. मुलं पांगली. देवयानीने थर्मासमधून चहा ओतला, बाईंनी कप घेतला, एक घोट घेतला असेल नसेल, आणि चटईकडे पाहिलं. चटई रिकामी होती. अर्धा टोचलेला द्रोण तसाच पडला होता.

बाईंनी कप तिथेच खाली ठेवला. पण मग त्यांनी स्वतःला सावरलं. मुलांबरोबर लपायला गेले असतील, येतील. सलोनीने एकेकाला शोधून काढलं, न सापडलेल्यांना नावाने हाका मारल्या, सगळी मुलं आली. खंडेराव आले नाहीत. "आजोबा!" सलोनी ओरडली. मग सगळीच ओरडली, "आजोबा! आजोबा!" झाडावरचा मोर तेवढा घाबरून उडाला.

मग शोधाशोध सुरू झाली. सलोनीचा बाप प्रतीक एका बाजूने "काका! काका!" करत गेला, फाटकावरचे गार्ड "बाबूजी, ओ बाबूजी!" करत दुसऱ्या बाजूने. आणि बाई "अहो! अहो, ऐकता का?" अशा हाका मारत काट्याकुट्यांतून धावत होत्या. शालीचा एक कोपरा बाभळीला अडकून फाटला तरी त्यांना पत्ता नाही. डोक्यात एकच चाललं होतं, नीरजला कळायच्या आत सापडायला हवेत. कळलं की संपलं.

तेवढ्यात कोणीतरी त्यांचा हात ओढला. क्षिप्रा होती.

"आजी, आजोबांचं नाव काय आहे?"

"काय गं?"

"नाव. आजोबांचं रिअल नाव काय आहे? मला कोणी सांगतच नाहीये."

"गप्प बस!" विजयाबाई कडाडल्या. "इथे काय चाललंय, तुला सुचतंय काय! मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही! देवयानी, घेऊन जा बरं हिला. सगळ्याच मुलांना घेऊन जा, पायापायांत येतायत."

जंगलात त्या आजवर कधी अशा आवाजात बोलल्या नव्हत्या. क्षिप्राने हात सोडला. तिचा चेहरा एवढासा झाला. बाईंनी ते पाहिलंसुद्धा नाही. मुलं गाड्यांत बसून घरी गेली आणि जंगलात फक्त मोठी माणसं उरली.

दुपार झाली, ऊन आलं न आलं आणि कलायला लागलं. मागच्या पडक्या दगडी भिंतीपाशी प्रतीक दोनदा जाऊन आला, गार्ड जाऊन आले, बाई तर किती वेळा गेल्या. त्या बाजूला काटेरी जाळी इतकी दाट की आत माणूस असेल असं कोणाच्या मनातही येईना. शेवटी बाईंनी हात टेकले आणि नीरजला फोन केला. तो पलीकडून फक्त "निघालो" म्हणाला. ते त्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तो आला, त्याने पोलिसांना फोन केला आणि "बाबा! बाबा!" करत तोही झाडांत शिरला. अंधारून यायला लागलं, थंडी हाडात शिरायला लागली. खंडेरावांच्या अंगावर फक्त स्वेटर होता, कानटोपी चटईवरच राहिली होती. ती बाईंनी छातीशी धरली होती.

आणि तेव्हा देवयानीचा फोन आला.

"काकू, सापडले का हो? नाही? काकू, रागावू नका, पण क्षिप्रा घरी आल्यापासून एकच घोकतेय, जेवलीसुद्धा नाही. ती म्हणतेय, आजोबा गेममध्ये आहेत. कोणी त्यांचं नाव घेऊन हाक मारलीच नाही, मग ते येणार कसे? म्हणून ती तुम्हाला नाव विचारत होती, काकू. तिला नाव माहीत नव्हतं."

विजयाबाई फोन कानाला तसाच लावून उभ्या राहिल्या. सगळा दिवस त्यांच्यासमोर उलगडत गेला. आजोबा, काका, बाबूजी, बाबा, अहो. इतकी माणसं, इतक्या हाका, आणि त्यांत नाव एकदाही नाही! आणि त्यांनी स्वतः तरी कधी घेतलं होतं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. दिल्लीत इतकी वर्षं काढली, बँकेत 'मिस्टर इंगवले' म्हटलं, शेजारणींत 'नीरजचे बाबा', पण नवऱ्याचं नाव म्हटलं की त्यांची जीभ टाळूलाच चिकटायची. साताऱ्याकडच्या सासूबाईंची शिकवण, ती कधी सुटलीच नव्हती.

त्या भिंतीपाशी गेल्या आणि असेल नसेल तेवढा जीव एकवटून ओरडल्या, "खंडेराव! खंडेराव इंगवले!"

जाळीत खसफस झाली. "आलो, आलो," आतून आवाज आला.

भिंतीच्या खोबणीत, काटेरी जाळीच्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन ते बसले होते. नीरजने आणि गार्डांनी फांद्या बाजूला करून त्यांना बाहेर काढलं. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, पँट ओली झाली होती. पण डोळ्यांत जिंकल्याचा आनंद होता.

"किती वेळ लावलास, विजे! पायांना मुंग्या आल्या. सगळे येऊन गेले, मी हललो नाही. नाव कुठे घेतलं कुणी?"

बाईंनी त्यांच्या डोक्यावर कानटोपी घातली आणि तिथेच मातीत बसून हंबरडा फोडला. खंडेराव गोंधळून मुलाकडे बघत होते. "हिला काय झालं? हरली का?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर वाद झालाच नाही. वाद व्हायला दोन बाजू लागतात, आणि बाईंच्या बाजूला आता कोणी उरलं नव्हतं, त्या स्वतःसुद्धा नाहीत. आधी हॉस्पिटल, कारण थंडी छातीत गेली होती, न्यूमोनिया झाला. त्यातून ते वाचले, पण पायांतली ताकद गेली, आणि तिथून ॲम्ब्युलन्स मुनिरक्याला आलीच नाही, थेट गुडगावला गेली. नीरज एकदाही 'मी सांगत होतो' म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर बाईंना भांडता तरी आलं असतं.

केअर होममधली माणसं चांगली होती, हेच तर दुःख होतं. केरळची एक गोड नर्स खंडेरावांना सदरा चुटकीसरशी घालायची, बटणं लावायची, चमच्याने भरवायची, तोंड पुसायची. बाई मेट्रोने जायच्या, समोर बसायच्या. "थोडं थांबा ना, त्यांना करू द्या," असं त्यांनी पहिल्यांदा म्हणून पाहिलं. नर्स हसली आणि म्हणाली, "आंटी, बहुत टाइम लगता है." तिचंही बरोबर होतं, तिच्याकडे अख्खा मजला होता. महिन्याभरात खंडेरावांचे हात मांडीवर नुसते पडून राहू लागले. बाईंनी एकदा पळसाची पानं नेली होती. ती खंडेरावांनी हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली आणि नर्सकडे दिली.

बाई घरी यायच्या आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायच्या. नवरा गमावल्याचं दुःख होतंच. पण त्याहून खोल सलायचं ते वेगळंच होतं. मुलांचं ऐका, मुलांचं ऐका म्हणून ज्या बाईने गावभर डंका पिटला, तिने ज्या एका वेळी ऐकायला हवं होतं त्याच वेळी मुलीचं तोंड बंद केलं. तिचं ऐकलं असतं तर खंडेराव जेवायच्या वेळेला चटईवर बसून द्रोण टोचत असते. नीरजला कळलंही नसतं.

होळीनंतर देवयानीनेच फोन केला. "काकू, सुरू करा ना परत. मुलं विचारतायत." काही घरं आली नाहीत, त्यांना दोष द्यायचा नाही. जी आली त्यांत क्षिप्रा होती. पळस फुलला होता, खाली केशरी सडा पडला होता. बाईंनी क्षिप्राला बाजूला नेलं, गुडघे दुखत असूनही तिच्यापुढे खाली बसल्या आणि म्हणाल्या, "क्षिप्रा, त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी चुकले. मी तुझं ऐकायला हवं होतं गं."

"इट्स ओके, आजी," क्षिप्रा म्हणाली. अगदी शहाण्यासारखं, मोठ्या माणसासारखं म्हणाली.

आणि मग ती खेळायला गेली. "आजी, ही फुलं उचलू का?" ती लांबून विचारत होती. "आजी, इथे बसू का? आजी, या झाडावर चढलं तर चालेल?"

"इथे विचारायचं नसतं बाळा, तुला माहितीये ना?"

"हो," ती म्हणायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायची. हीच ती पोरगी, जिने एकेकाळी सभा भरवून सगळ्या जंगलाला नियम घालून दिला होता.

उन्हं वर आली. मुलं खोपट्यावरून भांडायला लागली, दार कुठल्या बाजूला ठेवायचं यावरून. सलोनी एक म्हणतेय, सिद्धांत दुसरंच. आईबाप हात पाठीमागे घेऊन उभे होते. क्षिप्रा थोडी लांब उभी राहून बघत होती. तिला काहीतरी सुचलं होतं, डोळ्यांतच दिसत होतं. तिने पाऊल पुढे टाकलं, मग थांबली, आणि विजयाबाईंकडे वळून तिने बोट वर केलं.

"आजी, मी बोलू का?"

"बोल ना गं," बाई म्हणाल्या. "बोल, क्षिप्रा. आम्ही सगळे ऐकतोय."

क्षिप्राने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग उभ्या असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांकडे पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. विजयाबाई बराच वेळ वाट पाहत थांबल्या, पण त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही.